ओढ्याकाठच्या नोंदी: शहरातली मुलं आणि संवर्धनाची कामं

८ जून

शहरातल्या तरुणांना संवर्धनाच्या कामांची ओळख करून देणाऱ्या आमच्या प्रकल्पाची पहिली बैठक झाली. सतरा ते तेवीस वयाची मुलं-मुली आली होती. कोणी कॉलेजात शिकतंय, कोणी शिक्षण सोडलंय, दोघं-तिघं हाताचं कौशल्य शिकून कामाला लागलेत. ओळखपाळख झाल्यावर प्रत्येकाला एक कागद दिला आणि एवढंच सांगितलं, की निसर्गासाठी काम करून पगार मिळतो अशा जेवढ्या नोकऱ्या माहीत असतील तेवढ्या लिहा.

बहुतेक कागद तीन ओळींवर थांबले. वन अधिकारी, वाइल्डलाइफ फोटोग्राफर, प्राणिसंग्रहालयात काम. एकीनं 'शास्त्रज्ञ' लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकलं. निसर्गाची आवड किती जणांना आहे असं विचारलं, तेव्हा मात्र सगळे हात वर झाले.

या प्रकल्पाचं काम मला या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत दिसतं. आवड जागवायला आणखी भाषणं नकोत. कोणती कामं असतात, ती कोण करतं, त्यासाठी काय यावं लागतं आणि सुरुवात कुठून करायची, हे या मुलांना कोणी सांगितलेलंच नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०१८ च्या अंदाजानुसार जगातली ५५ टक्के माणसं शहरात राहत होती आणि २०५० पर्यंत हा आकडा ६८ टक्क्यांवर जाईल. म्हणजे उद्याची जंगलं, नद्या, पाणथळ जागा सांभाळणारे हात बरेचसे शहरातूनच यायचे आहेत.

१५ जून

जागेवरून बरीच चर्चा झाली. सहकाऱ्यांपैकी काहींचं म्हणणं, मुलांना बसनं एखाद्या मोठ्या अभयारण्यात न्यावं, म्हणजे डोळे दिपतील. मी चालत जाता येईल अशाच जागेचा आग्रह धरला. बंद कारखान्याच्या मागून ओढा वाहतो. त्याच्या काठाला झाडाझुडपांचा पट्टा आहे, एक पडकी भिंत आहे, अर्धा कचरा आहे. तीच जागा ठरली.

अभयारण्यातून मूल परत येतं ते आठवण घेऊन. पुन्हा कधी जायला मिळेल ते त्याच्या हातात नसतं. ओढ्यावर त्याला पुढच्या आठवड्यात एकट्यालाही जाता येतं, आणि तिसऱ्या-चौथ्या खेपेला त्याला बदल दिसायला लागतात. संवर्धनातलं निम्मं काम म्हणजे एकाच जागेवर पुन्हा पुन्हा जाऊन काय बदललं ते लिहिणं. अमेरिकेतले निसर्ग अभ्यासक रॉबर्ट पाइल यांनी हीच गोष्ट वेगळ्या बाजूनं मांडली आहे. एखादा जीव जगात दूर कुठेतरी शिल्लक असला, तरी आपल्या चालण्याच्या अंतरातून तो गेला की त्याच्याशी असलेला आपला संबंध संपतो. मग पुढच्या पिढीला तो गेल्याचं दुःखही होत नाही.

२२ जून

फील्डचा पहिला दिवस. पीव्हीसी पाइपच्या एक मीटर बाय एक मीटरच्या चौकटी बनवून आणल्या होत्या. दोघांत एक चौकट, जमिनीवर टाकायची आणि आतलं सगळं लिहायचं. नाव येत नसेल तर वर्णन लिहायचं, चित्र काढायचं. फोन फक्त फोटोपुरता.

सुरुवातीला सगळ्यांचं एकच, "यात काहीच नाहीये." मग मुंग्यांची एक रांग सापडली. मग लक्षात आलं की मुंग्या दोन प्रकारच्या आहेत. शेवटी वेळ संपला तरी दोन जोड्या उठायला तयार नव्हत्या.

भिंतीवर चांगला वेळ गेला. रस्त्याकडच्या बाजूला दगडफूल फारसं नव्हतं, जे होतं ते सालपटासारखं दगडाला चिकटलेलं. ओढ्याकडच्या बाजूला जास्त, आणि त्यात पानासारखे सुटे काठ असलेलेही प्रकार. दगडफुलाला मुळं नसतात. पाणी आणि पोषण ते थेट हवेतून आणि पावसातून घेतं, त्यामुळे हवेतलं विषही त्यातच साठतं. सल्फर डायऑक्साइड वाढला की आधी झुडपासारखे प्रकार जातात, चिकटलेले त्यातल्या त्यात तग धरतात. विल्यम नायलँडर या फिनिश वनस्पतिशास्त्रज्ञानं पॅरिसच्या एका बागेतल्या दगडफुलांवरून शहराच्या हवेबद्दल १८६६ मध्येच लिहून ठेवलं होतं. हे सांगितल्यावर एकानं विचारलं, "म्हणजे यंत्राशिवाय हवा मोजता येते?" अंदाज नक्की येतो. पण आपल्या भिंतीच्या दोन बाजूंना ऊन आणि ओलही वेगळी आहे, तेव्हा दोष थेट धुराला देण्याआधी तेही तपासायला हवं. यावर त्यांच्यातच वाद सुरू झाला. मी मध्ये पडले नाही.

६ जुलै

आजची नोंद सविस्तर लिहितेय.

ओढ्याचे नमुने घेतले. गमबूट, हातमोजे, दांड्याची जाळी, पांढरे ट्रे. एकानं पाण्यात उभं राहून पायानं तळाचे खडे ढवळायचे, जाळी प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरायची, मग जाळीतलं सगळं ट्रेमध्ये उलटं करायचं. पहिली दोन मिनिटं ट्रेमध्ये नुसता गाळ दिसतो. गाळ बसला की तो गाळच हलायला लागतो.

कारखान्याच्या खालच्या अंगाला मिळाल्या त्या लाल अळ्या आणि बारीक गांडूळवर्गीय किडे, बाकी जवळजवळ काही नाही. या अळ्या न चावणाऱ्या चिलटांच्या. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून त्या लाल दिसतात आणि जिथे प्राणवायू फार कमी आहे अशा गाळातही जगतात. सांडपाणी आलं की ते कुजवणारे जिवाणू वाढतात, ते पाण्यातला प्राणवायू वापरून टाकतात आणि मग असेच जीव मागे उरतात. वरच्या अंगाला, वळणाच्या पलीकडे, ट्रेमध्ये मेफ्लायची पिल्लं निघाली. मेफ्लाय म्हणजे लहानपण पाण्यात काढणारा एक उडता कीटक. पोटाच्या दोन्ही कडांना पातळ पाकळ्यांसारखे कल्ले आणि ते सारखे थरथरत होते. भिंगातून ते कल्ले बघायला रांग लागली.

ब्रिटनमध्ये तयार झालेल्या एका गुणपद्धतीत पाण्यातल्या बारीक जीवांच्या गटांना १ ते १० गुण देतात. गांडूळवर्गीयांना १, या लाल अळ्यांच्या कुळाला २, आज मिळालेल्या मेफ्लायच्या कुळाला ४, आणि फार स्वच्छ पाणी लागणाऱ्या काही मेफ्लायना पूर्ण १०. दुसऱ्या प्रदेशात वापरताना तिथल्या जीवांप्रमाणे हे गुण बदलून घ्यावे लागतात. पण वरच्या आणि खालच्या अंगाची तुलना करायला आज एवढं पुरलं.

खरी गोष्ट पुढे घडली. आमच्यातला एक मुलगा प्लंबिंगची कामं करतो. इतका वेळ तो मागेच उभा होता. दोन नमुन्यांत एवढा फरक कसा, म्हणून सगळे काठानं चालत निघाले, तर हा एका पाइपपाशी थांबला. म्हणाला, "ताई, ही पावसाच्या पाण्याची लाइन आहे. चार दिवस पाऊस नाही. मग हिच्यातून पाणी कसं येतंय?" त्यानं वास घेतला, पाण्यावरचा साबणाचा फेस दाखवला आणि सांगितलं, की कुठल्यातरी इमारतीची न्हाणीघराची किंवा संडासाची लाइन चुकून हिला जोडलेली असणार.

कोरड्या दिवशी वाहणारे पाइप शोधणं हे नदी-ओढ्यांच्या पुनरुज्जीवनातलं पगारी काम आहे. हे त्याला सांगितलं, तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. नंतर विचारलं, "याला डिग्री लागते?" प्रयोगशाळेतल्या कामाला लागते, पाइप शोधणाऱ्या टीममध्ये पाइप कळणारा माणूस लागतो, असं सांगितलं.

१३ जुलै

पावसामुळे फील्ड रद्द. ओढ्याला पाणी चढलं की नमुने घ्यायचे नाहीत, हा नियम सगळ्यांनी वहीत लिहून घेतला.

२५ जुलै

राष्ट्रीय पतंग सप्ताह सुरू आहे. पतंग म्हणजे दिव्याभोवती येणारे कीटक, मॉथ. नाव राष्ट्रीय असलं तरी जुलैच्या शेवटच्या पूर्ण आठवड्यात तो अनेक देशांत होतो, २०१२ पासून. रात्रीचा कार्यक्रम असल्यानं घरच्यांची परवानगी लेखी घेतली, ज्यांना यायचं त्या पालकांनाही बोलावलं. पांढरी चादर ताणली, मागे-पुढे दिवे लावले.

एक मोठा हॉक मॉथ चादरीच्या कडेला बसला. उडण्याआधी तो पंख फडफडवत नव्हता, नुसते थरथरवत होता. उडण्याचे स्नायू तापवल्याशिवाय त्याला उडता येत नाही. पाच-सहा जण श्वास रोखून बघत होते आणि तो एकदम सुटला.

मग किल्ल्यांचा प्रयोग केला. किल्ल्यांचा जुडगा वाजवला की आपल्याला ऐकू येतो त्याच्यापलीकडचा बारीक आवाजही निघतो, साधारण वटवाघळाच्या आवाजाच्या पट्टीतला. ज्या पतंगांना तो ऐकू येतो, त्यातले काही पंख मिटून खाली पडतात. आमच्या चादरीवरचा एक छोटा तपकिरी पतंग तसाच टपकन पडला. पालकांमधल्या एका काकांनी स्वतःच्या किल्ल्या काढून पुन्हा वाजवून बघितल्या.

पतंग दिव्याकडे येतातच का, हा प्रश्न आलाच. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगवान कॅमेऱ्यांनी दिसलं, की उडणारे कीटक पाठ प्रकाशाकडे ठेवतात. आकाश रात्रीही जमिनीपेक्षा उजळ असतं, त्यामुळे या सवयीनं त्यांना वर-खाली कळतं. दिव्यापाशी ही सवयच त्यांना गोल गोल फिरवते. म्हणून चादर फार वेळ लावून ठेवायची नाही. दहाच्या आत दिवे बंद केले.

कीटकांची भीती वाटते असं अर्जात लिहिलेल्या मुलीला लांब बसून नोंदी लिहायचं काम दिलं होतं. कोणी तिला पुढे ओढलं नाही. तिच्या नोंदी सगळ्यांत नीटस आहेत, वेळ, प्रकाश, वारा सगळं जागच्या जागी.

३१ जुलै

जागतिक वनरक्षक दिन. एक वनरक्षक ताई आल्या होत्या. त्यांना सांगून ठेवलं होतं, की भाषण नको, रोजची पिशवी घेऊन या. पाण्याची बाटली, टॉर्च, जीपीएस, वही, मोजपट्टी, प्रथमोपचाराचं साहित्य एकेक करून टेबलावर मांडलं. वहीवर त्या सर्वांत जास्त बोलल्या. कापलेलं झाड किंवा लावलेला फास सापडला, की तिथल्या तिथे जागा, वेळ, माप आणि फोटो नोंदवायचे, कारण प्रकरण न्यायालयात गेलं तर त्या पानावर सगळं उभं राहतं.

मुलांनी पगार विचारला, रात्रीची ड्युटी विचारली, एकटं वाटतं का तेही विचारलं. ताईंनी काही लपवलं नाही. घरापासून महिनोन्महिने लांब राहावं लागतं, चालून गुडघे जातात, गावकऱ्यांशी भांडण झालं तर ते मिटवायलाही आपल्यालाच जावं लागतं. अवघड बाजू ऐकूनही तीन जणांनी भरतीची माहिती विचारून घेतली. कामाची गुलाबी चित्रं दाखवून मुलं येतात आणि वर्षभरात निघून जातात, म्हणून हे असंच सांगायला हवं.

माणसं किती हवी आहेत, तो आकडा मी फळ्यावर लिहिला. २०२२ च्या एका जागतिक अभ्यासानुसार संरक्षित क्षेत्रांत सुमारे २ लाख ८६ हजार वनरक्षक आहेत. २०३० पर्यंत पृथ्वीचा ३० टक्के भाग राखायचं उद्दिष्ट गाठायचं, तर सुमारे १५ लाख लागतील. हे उद्दिष्ट २०२२ च्याच डिसेंबरमध्ये माँट्रियलच्या जैवविविधता परिषदेत देशांनी मान्य केलं. त्या १५ लाखांना पगार कोण देणार, हा प्रश्न एका मुलानं विचारला. त्याचं उत्तर अजून सरकारांनीही दिलेलं नाही, आणि हीच गोष्ट मला या आकड्यांत सगळ्यात जास्त खुपते.

१० ऑगस्ट

यापुढे येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यानं स्वतःच्या कामाचा एक तुकडा मुलांच्या हातून करून घ्यायचा, असं ठरलं. वकील बाईंनी पर्यावरण परवानगीची एक कागदपत्रांची फाइल वाचायला दिली आणि त्यात काय गाळलंय ते शोधायला लावलं. बियाणं पेढीतल्या तंत्रज्ञांनी बिया साफ करायला बसवलं. सुकवून ओलावा कमी केलेल्या बिया उणे २० अंशांना ठेवल्या, तर पुष्कळ जातींच्या बिया कित्येक दशकं जिवंत राहतात, पण साफ करण्यात कसूर झाली तर बुरशी पुढचं सगळं वाया घालवते. एका संस्थेच्या हिशेबनीस आल्या आणि देणगीचा पैसा कुठल्या शीर्षाखाली दाखवायचा ते शिकवून गेल्या. कॉमर्सच्या मुली पहिल्यांदा पुढच्या रांगेत दिसल्या.

२४ ऑगस्ट

कॉम्प्युटरवर बसलो. सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं फुकट मिळतात, एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे १० मीटर. निरोगी पान लाल प्रकाश शोषतं आणि डोळ्यांना न दिसणारा जवळचा अवरक्त प्रकाश परत फेकतं, त्या फरकावरून हिरवाई मोजतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आमचा पट्टा काढला. ओढा मात्र सापडेना. चार मीटरचा ओढा दहा मीटरच्या ठिपक्यात विरून जातो. "मग आपल्याला जावंच लागणार ना तिथे," असं एकजण म्हणाला आणि मला फार बरं वाटलं.

दुसऱ्या गटाला कॅमेरा ट्रॅपचे, म्हणजे हालचाल झाली की आपोआप फोटो काढणाऱ्या कॅमेऱ्यांचे फोटो चाळायला दिले. गवत हललं तरी कॅमेरा चालू होतो, त्यामुळे रिकाम्या फोटोंचा ढीग असतो. ते वेगळे काढणारी मेगाडिटेक्टरसारखी सॉफ्टवेअर आली आहेत, पण ती कुठे चुकतात ते माणसालाच तपासावं लागतं. गेम खेळण्यात तासन्‌तास घालवणारा एक मुलगा या कामात सर्वांना मागे टाकून गेला.

७ सप्टेंबर

पतंग ओळखण्यात सगळ्यात पुढे असलेली मुलगी हल्ली येत नव्हती. फोन केला. रविवारी ती दुकानात कामाला जाते, तो दिवस सोडला तर पैसे कापले जातात.

आज बैठकीत ठरवून घेतलं. टी-शर्ट, बॅनर आणि समारोपाचा सोहळा रद्द, ते पैसे फील्डवर येणाऱ्यांच्या मानधनात. यावर विरोधही झाला. पैशासाठी येतील ती मुलं मनापासून येणार नाहीत, असं म्हणणं होतं. मला हे अजिबात पटत नाही. या क्षेत्रात शिरायची वाट म्हणजे बिनपगारी इंटर्नशिप, आणि जिच्या घरी तिच्या कमाईची वाट बघतात तिला ती वाट बंदच असते. मग आपणच म्हणतो, की शहरातल्या साध्या घरातली मुलं इकडे येत नाहीत.

अमेरिकेत १९३३ ते १९४२ दरम्यान बेरोजगार तरुणांकडून झाडं लावणं, वणवे विझवणं, पायवाटा बांधणं अशी कामं करून घेणारी मोठी सरकारी योजना होती. सुमारे ३० लाख तरुण तिच्यातून गेले. महिन्याला ३० डॉलर मिळायचे आणि त्यातले साधारण २५ थेट घरी पाठवले जायचे. योजनेत मुलींना जागा नव्हती, ही तिची मोठी उणीव. पण पोटाला आधार दिला तर तरुण माणूस जंगलाचं काम करतो, हे तेव्हाच दिसलं आहे.

२१ सप्टेंबर

एका मुलीचे वडील भेटायला आले. आवाज चढवला नाही, पण काळजी स्पष्ट होती. "मॅडम, छंद म्हणून ठीक आहे. यात पुढे काय?" आजवर आलेल्या पाहुण्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवली, प्रत्येकाचं शिक्षण, पहिली नोकरी, ती मिळायला लागलेली वर्षं. यातली काही वर्षं ओढाताणीची असतात आणि बऱ्याच नोकऱ्या प्रकल्प संपला की संपतात, तेही सांगितलं. त्यांनी यादी घरी नेली. पुढच्या रविवारी मुलगी आली.

१२ ऑक्टोबर

पाइपचं प्रकरण पुढे सरकलं. जुलैपासूनच्या नोंदी, फोटो, तारखा आणि त्या दिवशीचा पाऊस एका पानावर मांडून संबंधित विभागाला दिल्या होत्या. दोन कर्मचारी आले. संडासात रंग टाकून तो कुठे निघतो ते बघण्याची साधी चाचणी त्यांनी केली. एका इमारतीत टाकलेला हिरवा रंग थोड्या वेळात ओढ्याकाठच्या आमच्याच पाइपमधून बाहेर आला. कर्मचारी आमच्या प्लंबर मुलाशी अर्धा तास जोडणीबद्दल बोलत होते, बरोबरीनं.

दुरुस्ती अजून व्हायची आहे. पाठपुरावा त्यानंच करायचा असं ठरलं.

२ नोव्हेंबर

आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी टाकायच्या वेबसाइटवरच्या आमच्या नोंदींची उजळणी. २००८ मध्ये अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी पदव्युत्तर प्रकल्प म्हणून सुरू केलेली ही गोष्ट. फोटो, तारीख, जागा असेल आणि ओळखणाऱ्यांपैकी दोन-तृतीयांशाहून जास्त जणांचं एकमत झालं, तर नोंद संशोधनाच्या दर्जाची मानली जाते आणि योग्य परवाना असला तर जागतिक जैवविविधता माहितीकोशातही जाते. जुलैतल्या एका पतंगाचं नाव दूरच्या कुणा जाणकारानं बदललं आणि पंखावरच्या कुठल्या रेषेवरून, तेही लिहिलं. दुकानात काम करणारी आमची मुलगी आता परत येऊ लागली आहे. तिनं ती रेषा आपल्या सगळ्या फोटोंत तपासली आणि आणखी दोन नोंदी दुरुस्त केल्या.

धोक्यातल्या जातींच्या जागा तिथे आपोआप धूसर होतात, तरी घरट्याची नेमकी जागा कुठेही टाकायची नाही, हे पुन्हा सांगितलं.

२३ नोव्हेंबर

बायोडेटा लिहिण्याचा दिवस. जवळजवळ प्रत्येकानं वर 'निसर्गप्रेमी' लिहिलं होतं. तो शब्द खोडून तिथे हाताला काय येतं ते लिहायला सांगितलं. तेव्हा कागद भरायला लागले. पाण्यातल्या कीटकांचे नमुने घेणं आणि कुळापर्यंत ओळखणं. क्यूजीआयएसवर नकाशा. कॅमेरा ट्रॅपच्या फोटोंची छाननी. फील्डच्या नोंदींची तपासणी. सांडपाण्याच्या चुकीच्या जोडण्या शोधणं आणि अहवाल देणं.

कीटकांना घाबरणाऱ्या मुलीनं विचारलं, "नुसत्या नोंदी सांभाळायला कोणी नोकरी देतं?" देतं. वर्षानुवर्षं गोळा झालेला डेटा नीट लिहिला नाही म्हणून निरुपयोगी झाल्याची उदाहरणं या क्षेत्रात ढिगानं आहेत. तिला माहिती व्यवस्थापनाच्या दोन जागांच्या जाहिराती काढून दिल्या.

१४ डिसेंबर

पाइपची दुरुस्ती झाली. कोरड्या दिवसांत तो आता कोरडा असतो. खालच्या अंगाचा नमुना घेतला, अजून लाल अळ्याच. जीव परत यायला वेळ लागतो, आणि वरच्या अंगाला मेफ्लाय आहेत म्हणून ते येतील अशी मला आशा आहे.

कोण कुठे चाललंय त्याची नोंद: एकानं वनरक्षक भरतीसाठी धावायला सुरुवात केली आहे. दोघींनी नकाशाशास्त्राच्या अभ्यासक्रमाला अर्ज केलाय. नोंदींवाल्या मुलीला एका संस्थेत अर्धवेळ पगारी काम मिळालं. प्लंबर मुलाला ओढ्याच्या वरच्या भागातले पाइप तपासायला विभागानं पुन्हा बोलावलंय. काम रोजंदारीचं आहे, लेखी करारासाठी मी मागे लागणार आहे. काही जण कुठेच जाणार नाहीत, त्यांना दर महिन्याचं नमुने घेणं चालू ठेवायचंय.

जानेवारीच्या नमुन्यांची जबाबदारी त्यांच्याकडे. जाळी फाटली आहे, नवी घ्यायची. ट्रे दोन जास्त लागतील. नव्या तुकडीच्या अर्जात 'रविवारी कामाला जाता का' हा रकाना वाढवायचा, म्हणजे मानधनाचा हिशेब आधीच धरता येईल.